शिक्षकाचा व्हिडिओ धडा : स्वरूप, रचना आणि मर्यादा

सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या आल्या की एक चूक हमखास दिसते. −७ आणि −३ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारले की बरीच मुले −७ लिहितात. ही चूक आळसातून येत नाही. सात हा तीनपेक्षा मोठा, हे पहिलीपासून पक्के झालेले ज्ञान आहे आणि मूल त्याच्यावर विसंबून प्रामाणिकपणे उत्तर देते. शिक्षक वर्गात ती चूक दुरुस्त करतात. काहींना ते तिथेच उमगते, काहींना चार दिवसांनी. त्या आठवड्यात जी मुले गैरहजर होती, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचतच नाही. वर्ग पुढे जातो आणि बीजगणितात पहिल्यांदा ऋण चिन्ह आले की ही मुले अडखळतात.

शिक्षकाने स्वतः केलेल्या व्हिडिओ धड्याचे काम इथून सुरू होते. या लेखात तो शब्द मी मुद्दाम आखूड अर्थाने वापरणार आहे : आपल्या मुलांची एक नेमकी अडचण हेरून शिक्षकाने हाताशी असलेल्या मोबाइलवर केलेला, मुलाला हवा तिथे थांबवता येईल आणि पुन्हा पाहता येईल असा लहान धडा. मागच्या बाकावर मोबाइल ठेवून टिपलेला अख्खा तास या व्याख्येत बसत नाही. तासात शिक्षक चाळीस चेहरे पाहून बोलत असतो आणि त्याचे निम्मे बोलणे त्या चेहऱ्यांना दिलेले उत्तर असते. ते चेहरे चित्रणात दिसत नाहीत, म्हणून उत्तरेही अधांतरी राहतात. दूरस्थ थेट तास आणि मोठ्या संस्थेने केलेला कार्यक्रम, हेही मी बाजूला ठेवतो.

दोन परंपरा

पहिली परंपरा मोठ्या संस्थांच्या कार्यक्रमांची आहे. दूरचित्रवाणीवरून शिकवण्याचा भारतातला पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी उभी राहिली आणि दूरदर्शनवरच्या तिच्या कार्यक्रमांवर एक पिढी वाढली. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. तीनच वर्षांनी, करोनामुळे शाळांना कुलुपे लागली असताना, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांनी घरात आणि अंगणात काय करून पाहावे, हे ती दाखवत असे.

हे सगळे काम जिव्हाळ्याने झालेले आहे आणि बालचित्रवाणी बंद पडू देणे ही राज्याची मोठी चूक होती, असे माझे मत आहे. मात्र या प्रकाराची एक अंगभूत मर्यादा आहे. कार्यक्रम करणाऱ्याला मूल दिसत नाही. त्याला राज्यातले सरासरी मूल कल्पून बोलावे लागते.

दुसरी परंपरा हातांची आहे. अरविंद गुप्ता २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या लहान लहान फिल्म्सचा मोठा साठा मराठीसह अनेक भाषांत तयार केला. त्यांतल्या बहुतेक मिनिट-दोन मिनिटांच्या आहेत. साधी पार्श्वभूमी, दोन हात, आगपेटीतल्या काड्या किंवा स्ट्रॉ, आणि काय चालले आहे ते सांगणारा आवाज. एवढ्यावर त्या जगभर पोचल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यांनी पुस्तक आणि चित्रफीत यांची सांगड घातली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड आले आणि देशपातळीवर 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

या दोन्ही उदाहरणांतून शिक्षकाने उचलण्याजोगी एकच गोष्ट आहे. स्टुडिओकडे नसलेली माहिती शिक्षकाकडे असते. कोणत्या पानावर, कोणत्या गणितात, कोणत्या शब्दापाशी आपली मुले अडतात, हे तपासलेल्या वह्यांतून त्याला ठाऊक असते. व्हिडिओची लांबी, चौकट, आवाज आणि थांबे हे सगळे त्या माहितीवरून ठरले पाहिजेत. तसे झाले नाही, तर तो व्हिडिओ करण्याचे कारणच उरत नाही, कारण त्या विषयावरचे शंभर व्हिडिओ आधीच उपलब्ध आहेत.

आकलनाची शिस्त

माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला आकलनभाराचा सिद्धांत याच मर्यादेवर उभा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि आवाज एकत्र वापरून शिकवताना त्याचे काय परिणाम होतात, हे प्रयोगांनी तपासले. शोभेच्या गोष्टींनी शिकणे कमी होते. पार्श्वसंगीत, फिरणारी अक्षरे आणि कोपऱ्यात नाचणारे कार्टून मुलाचे लक्ष खातात. जे बोलतो तेच शब्दशः पडद्यावर लिहिले, तर डोळे आणि कान एकाच मजकुरासाठी झगडतात. चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच जागी, एकाच क्षणी यावे. औपचारिक भाषेपेक्षा बोलीच्या वळणाने सांगितलेले अधिक समजते. शब्दांच्या पुनरुक्तीबद्दलच्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे महत्त्वाचा आहे. ज्यांची घरची भाषा वेगळी, त्यांना पडद्यावर दिसणाऱ्या लेखी शब्दाचा आधार होतो. बंजारा किंवा भिल्ल कुटुंबातल्या मुलासाठी 'संख्यारेषा' हा शब्द ऐकू येताना दिसलाही पाहिजे. वाक्ये नकोत, मुख्य संज्ञा पुरेत.

आपल्याकडच्या शिक्षकांच्या व्हिडिओंत मेयर यांचा पहिला नियम सर्वांत जास्त मोडला जातो. आधी शाळेचे बोधचिन्ह गोल फिरते, मग संगीत, मग 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो', मग शिक्षकाचे नाव, शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा, मग 'आज आपण अभ्यासणार आहोत'. मूल ज्या प्रश्नासाठी आले तो अजून आलेला नसतो. ही ओळख अधिकाऱ्यांसाठी असते, मुलाला आपले गुरुजी आवाजावरूनच कळतात. ती शेवटी, एका ओळीत, लेखी द्यावी.

लांबीबद्दल बोलताना एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख प्रेक्षणसत्रे तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सहा मिनिटांपलीकडे प्रेक्षक सहसा टिकत नव्हते. यावरून 'सहा मिनिटांचा नियम' सांगणे मला घाईचे वाटते. ते प्रेक्षक आपणहून आलेले, बहुतांशी प्रौढ होते आणि कोणतीही परीक्षा त्यांना बांधून ठेवत नव्हती. शाळेच्या मुलासाठी लांबी अडचणीवरून ठरवावी. एक अडचण, एक व्हिडिओ असा नेम पाळला तर तो आपोआप तीन-चार मिनिटांत संपतो. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांच्या वेगाने चार मिनिटांना चारशे-साडेचारशे शब्द पुरतात. तेवढे आधी कागदावर लिहावेत, मोठ्याने वाचावेत आणि जिथे जीभ अडखळते ते वाक्य बदलावे. चित्रणाच्या वेळी मात्र कागद समोर नको. वाचलेले बोलणे मुलाला लगेच ओळखू येते.

या सगळ्यांपेक्षा मला डेरेक मुलर यांचे सिडनी विद्यापीठातले २००८ चे संशोधन मोलाचे वाटते. भौतिकशास्त्राची एक संकल्पना त्यांनी काहींना नितळ, सरळ स्पष्टीकरण करणाऱ्या फितीतून दाखवली, तर काहींना अशा फितीतून, जिच्यात आधी विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती बोलून दाखवल्या होत्या आणि मग त्या तपासल्या होत्या. पहिल्या गटाला फीत सोपी आणि स्पष्ट वाटली, पण चाचणीतले गुण फारसे हलले नाहीत. दुसऱ्या गटाला ती गोंधळवणारी वाटली, डोके लढवावे लागले, आणि शिकणे त्यांचेच अधिक झाले. सरळ स्पष्टीकरण ऐकताना मूल 'हे मला येतेच' म्हणत मनातली जुनी समजूत तशीच ठेवते. व्हिडिओत ती समजूत आधी बोलून दाखवली तर मूल दचकून स्वतःला तपासते. आणि ती नेमकी कोणती, हे वह्या तपासणारा शिक्षकच सांगू शकतो.

घाटावरचे पूर्णांक

आता सुरुवातीच्या चुकीकडे वळू. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले पुणतांबा हे गाव घेऊ. ते गोदावरीकाठी वसले आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते वारकऱ्यांच्या नकाशावर आहे आणि नदीवर दगडी घाट आहेत. त्यांतला एक अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. घाटाच्या पायऱ्या इथल्या प्रत्येक मुलाच्या पायाखालून गेलेल्या आहेत. ऋण संख्यांसाठी याहून चांगले साधन विकत मिळणार नाही.

पाण्याची पातळी शून्य मानण्याचा मोह होतो, तो टाळावा. पातळी बदलते, खालच्या पायऱ्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत, आणि मुलांना पाण्याकडे नेणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडलेले असताना घाटावर चित्रण करूच नये. पाण्यापासून पुरेशी वर असलेली एक कोरडी पायरी निवडून तिच्यावर खडूने ० लिहावा. वरच्या पायऱ्यांवर १, २, ३ आणि खालच्यांवर −१, −२ असे −७ पर्यंत. मोबाइल अशा जागी उभा करावा की शून्याची पायरी चौकटीच्या मध्यावर येईल.

धडा घाटावर सुरू होत नाही. तो पाटीवर सुरू होतो. काळ्या पाटीवर −३ आणि −७ लिहिलेले, आणि आवाज : "यातली मोठी संख्या कोणती? इथे व्हिडिओ थांबव, वहीत लिही, मग पुढे बघ." तीन-चार सेकंद शांतता. त्यानंतर एका मुलाचा आवाज चुकीचे उत्तर कारणासह देतो : "सात मोठा ना, मग −७ मोठी." शिक्षक त्याला हसत नाही आणि चूक म्हणतही नाही. "बरं, घाटावर जाऊन बघू."

घाटाच्या दृश्यात दोन मुलांचे फक्त पाय दिसतात, एक −३ वर आणि एक −७ वर. शिक्षक दोन प्रश्न वेगळे करतो. शून्यापासून लांब कोण? सात पायऱ्या उतरलेला. उंचावर कोण? तीन पायऱ्या उतरलेला. चूक करणारे मूल खरे तर पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देत होते आणि विचारला होता दुसरा, हे त्याला इथे दिसते. संख्येचे लहानमोठेपण तिच्या जागेवरून ठरते, शून्यापासूनच्या अंतरावरून ठरत नाही. ही फोड या धड्याचा गाभा आहे, म्हणून दृश्य घाईने बदलू नये.

पुढच्या टप्प्यावर व्हिडिओ असे काही करतो, जे फळ्याला जमत नाही. कागदाच्या उभ्या पट्टीवर त्याच पायऱ्यांचे आकडे लिहिलेले आहेत, वर धन, खाली ऋण. दृश्य न तोडता, कॅमेऱ्यासमोर, शिक्षक ती पट्टी हाताने सावकाश आडवी फिरवतो. जे वर होते ते उजवीकडे गेले, खाली होते ते डावीकडे. पुस्तकातली संख्यारेषा आडवीच भेटते आणि 'डावीकडची लहान' हा नियम मुले पाठ करतात. इथे तो नियम पट्टी फिरताना समोर घडतो. असे दृश्य एकसलग हवे. मध्ये तोडून जोडले, तर उभी पट्टी आणि आडवी रेषा या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

शेवटी दोन प्रश्न : −२, ०, −९ चढत्या क्रमाने लावा, आणि −१ व −१०० यांतली मोठी कोणती. उत्तरे व्हिडिओत द्यायची नाहीत, ती वर्गात येतील. मधल्या थांब्यांची आणि प्रश्नांची किंमत प्रयोगाने दाखवलेली आहे. स्पुनर, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ मध्ये चित्रित व्याख्यानाच्या टप्प्याटप्प्यांवर छोट्या चाचण्या घातल्या, तेव्हा विद्यार्थ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

एक सावधगिरी. पायऱ्यांचे प्रतिमान क्रमासाठी आणि बेरजेसाठी चांगले चालते, ऋण संख्यांच्या गुणाकाराला ते उपयोगाचे नाही. −३ ला −२ ने गुणणे म्हणजे घाटावर नेमके काय करायचे, याचे प्रामाणिक उत्तर नाही. तिथे ओढूनताणून पायऱ्या वापरल्या तर आधीचे समजलेलेही ढिले होते.

साधने

याबद्दल थोडक्यातच. मोबाइल आडवा धरावा. तो स्थिर हवा, मग स्टँडने असो की पुस्तकांच्या चळतीने. हात दाखवायचे असतील तर कॅमेरा वरून रोखलेला असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. चित्रापेक्षा आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे. मूल धूसर चित्र सहन करते, पण न ऐकू येणारे वाक्य सोडून देते. इअरफोनचा माईक तोंडाजवळ धरला तरी मोठा फरक पडतो. पंखा बंद करावा. रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो, तिथे दोन गोधड्या टांगल्या तर तो बसतो. घाटावर वारा असतो, म्हणून तिथले बोलणे नंतर खोलीत वेगळे ध्वनिमुद्रित करून जोडावे.

फाइलचे आकारमान गणिताने ठरते. सेकंदाला एक मेगाबिट या दराने एका मिनिटाला साडेसात एमबी लागतात, म्हणजे चार मिनिटांना तीस. पाटी, पट्टी आणि हात दाखवायला ४८० रेषांचे चित्र पुरते आणि फाइल याहून लहान होते. मुलांचे चेहरे शक्यतो दाखवू नयेत, दाखवायचे तर पालकांची संमती घ्यावी. सिनेमातले गाणे पार्श्वसंगीत म्हणून लावू नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे धड्याला मारकही.

फोन कोणाच्या हातात

असर या सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. पण त्याच २०२१ च्या पाहणीत असेही दिसले की, घरी फोन असलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांच्या हाती तो अभ्यासाला येतच नाही. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतात, बाजार समितीत किंवा कामावर असतो. मूल रात्री, घरातल्या इतर आवाजांत, कमी आवाजावर आणि संपत आलेल्या डेटावर व्हिडिओ पाहते. हे गृहीत धरूनच धडा बांधला पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात याला आणखी एक पदर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर भागातल्या कारखान्यांच्या परिसरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. त्यांच्यासोबत आलेल्या मुलांचे अर्धे शैक्षणिक वर्ष दोन शाळांमध्ये तुटते. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे मुख्य उपाय आहेत आणि ते सोडून व्हिडिओंवर भार टाकणे हा या मुलांवर अन्याय ठरेल. तरीही त्या सहा महिन्यांत मुलाच्या कानावर आपल्या गावच्या गुरुजींचा, आपल्या नावाने हाक मारणारा आवाज पडत राहिला, तर शाळेशी धागा टिकतो. अशा मुलासाठी केलेल्या धड्यात 'काल वर्गात पाहिले तसे' हे वाक्य चालणार नाही. प्रत्येक व्हिडिओ स्वतःपुरता पूर्ण हवा, डाउनलोड करून मेमरी कार्डवर ठेवता येईल असा हवा, आणि त्याच्या नावातच इयत्ता, विषय व अडचण हवी : '६ वी गणित – ऋण संख्यांचा क्रम'. गावाकडचे शिक्षक आणि कारखान्याजवळच्या शाळेतले शिक्षक यांनी टोळ्या निघण्यापूर्वीच एकमेकांचे नंबर घेतले, तर फाइली कार्डावरूनही पोचतात.

गावाचा इतिहास

स्टुडिओ कधीही करणार नाही असा दुसरा विषय म्हणजे स्वतःचे गाव. पुणतांब्याच्या ग्रामसभेतून शेतकरी संपाची हाक उठली आणि १ जून २०१७ पासून राज्यात संप सुरू झाला. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला अडवला गेला. त्याच महिन्यात, २४ जूनला, राज्य सरकारने ३४ हजार कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा केली. तेव्हा पाळण्यात असलेली मुले आज शाळेत आहेत. त्यांना हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सविस्तर सापडणार नाही, पण ज्यांनी ते पाहिले ती माणसे गल्लीत भेटतात.

इथे व्हिडिओ धड्याची रचना गणिताहून वेगळी होते. एकाच घटनेबद्दल तिघांना विचारावे : दूध घालणारा, दुकानदार, त्या दिवसांत घर चालवणारी गृहिणी. तिघांचे सांगणे जुळणार नाही आणि तेच शिकवायचे आहे. मुलाला काम द्यावे : कोणते विधान तारखेने तपासता येते, कोणते आठवणीचे आहे, कोणते मत आहे? चांगदेवांवरचा धडाही याच पद्धतीने व्हावा. त्यांनी धाडलेले कोरे पत्र आणि चौदाशे वर्षांचे आयुष्य ही परंपरेने जपलेली कथा आहे. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पासष्ट ओव्यांचा 'चांगदेव पासष्टी' हा ग्रंथ आपल्या हातात आहे. निवेदनात 'असे सांगतात' आणि 'असे आढळते' हे दोन्ही शब्दप्रयोग काटेकोरपणे वेगळे ठेवले, तर भक्ती दुखावत नाही आणि इतिहासाची शिस्तही लागते. कवितेचा आस्वाद, वर्गातली चर्चा, मुलाने स्वतः लिहिलेला निबंध सुधारून देणे, यांसाठी मात्र व्हिडिओ करू नये. तिथे माणूस समोर लागतो.

पडताळणी

किती जणांनी पाहिले, हा आकडा शिक्षकाला काहीच सांगत नाही. व्हिडिओ दाखवण्यापूर्वी एक प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना निनावी चिठ्ठीवर उत्तर द्यायला सांगावे. आठवड्याने, मधे उजळणी न करता, त्याच जातीचा वेगळा प्रश्न द्यावा. दोन्ही गठ्ठ्यांतली चुकीची उत्तरे मोजण्यापेक्षा वाचावीत. पहिल्या वेळी −७ मोठी म्हणणारे मूल दुसऱ्या वेळी सगळ्याच ऋण संख्या उलट्या लावत असेल, किंवा शून्याला सर्वांत लहान ठरवत असेल, तर जुनी चूक गेली आणि नवी आली. शून्याची ही चूक घाटाच्या धड्यात संभवते, कारण त्या दृश्यात शून्याच्या पायरीवर कोणीच उभे नसते. दुसऱ्या वर्षी चित्रण करताना तिथे तिसरे मूल उभे करावे आणि पहिल्या प्रश्नात −३ व −७ यांच्याबरोबर ० हाही आकडा पाटीवर लिहावा.